जहाजामागून येणारी पांढऱ्या टोकांची मोरी (शार्क): कुणी पाहिली आहे का?

इंजिनरूम_मधला

मंडळी, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. जहाजावर आता नेट बरं चालतं म्हणून इथे रोज वाचत असतो, पण धागा पहिलाच.

मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर. जहाज बल्क कॅरिअर, म्हणजे धान्य, कोळसा, खनिज असला सुटा माल वाहणारं. गेल्या महिन्यात पुढच्या मालाची ऑर्डर येईना म्हणून मालदीवच्या पश्चिमेला पाच दिवस ड्रिफ्टिंगवर होतो. इंजिन बंद, जहाज आपलं वाऱ्या-प्रवाहाबरोबर वाहतंय. लोकांना वाटतं सुट्टी. आमच्यासाठी उलट असतं, चालत्या इंजिनात हात घालता येत नाही ती सगळी कामं तेव्हाच उरकायची. तिसऱ्या दिवशी दोन नंबर युनिटचा फ्युएल पंप काढून बसवला आणि कोपरापर्यंत तेलाने माखलेले हात चिंधीला पुसत पाचच्या सुमाराला मागच्या डेकवर आलो.

समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. ओएस पोरगा (ऑर्डिनरी सीमन, म्हणजे शिकाऊ खलाशी; फिलिपिनो, पहिलंच जहाज) कठड्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, सर, छोटे मासे. पाहिलं तर पाण्याखाली तीन-चार मीटरवर पांढरे ठिपके. चार-पाच असतील. आपसातलं अंतर न बदलता संथ सरकत होते. मलाही बारीक मासळीच वाटली. मग ते ठिपके वळले आणि त्यांच्या मधली तपकिरी पाठ दिसली. सगळे ठिपके एकाच जनावराचे!

लांबी सात-साडेसात फूट. छातीचे दोन पर केवढे लांब, विमानाच्या पंखांसारखे आडवे पसरलेले, आणि पाठीवरचा पर टोकदार नाही, तर उलथन्याच्या पात्यासारखा गोल. सगळ्या परांची टोकं पांढरी, पण स्वच्छ रंगवलेली नाहीत. चुना फासताना ब्रश झटकल्यासारखी शिंतोडेदार. तोंडापुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सहा-सात वीतभर मासे, मिरवणुकीपुढे लेझीम चालावं तसे.

पोराने समुद्राचं पाणी काढायला दोरीला बांधलेली बादली सोडली होती. तो शार्क सरळ बादलीपाशी आला, नाकाने ढोसलं, वळला, परत येऊन ढोसलं. मग रडरपाशी गेला, त्याला घासून आला. कसली म्हणून घाई नाही. वाड्यात नवा भाडेकरू आला की म्हातारी सगळं सामान निरखते ना, तसं चाललं होतं.

तेवढ्यात कॅप्टन चहाचा मग घेऊन आले. रत्नागिरीकडचे आहेत, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असतील. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी ८८ साली कॅडेट होतो. जहाज थांबलं की अर्ध्या तासात हे मागे हजर. कधी तीन, कधी पाच. तेव्हा कोण मोजत होतं?" शेवटचा कधी पाहिला विचारलं, तर आठवेना त्यांना.

मला समुद्रावर चौदा वर्षं झाली. हा मी पाहिलेला पहिला.

फोटो काढले, पण पाण्यावरच्या चकाकीपलीकडे त्यात काही नाही. तर प्रश्न दोन. हा नक्की कोणता शार्क? आणि दर्यावर असणाऱ्या इतरांनी अलीकडे पाहिलाय का?

कोलंबीप्रेमी

पहिला! बाकी सगळं ठीक, पण कुकने काय केलं ते लिहिलंच नाही तुम्ही. सात फुटी मोरी म्हणजे अख्ख्या जहाजाला दोन दिवस मटण. आमच्याकडे मोरीच्या मटणाला भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, तिरफळ नको, वर सोलं.

नाखवा

इंजिनवाले दादा, छान लिवलंत. आम्ही मालवणकडचे, तीन पिढ्या मासेमारी. आमच्याकडे मोरी, मुंबईकडे मुशी, हातोड्यासारख्या डोक्याची ती कानमुशी. पण तुम्ही सांगताय ती मोरी आमच्या जाळ्यात गावना नाय. आम्ही जातो ते ३०-४० वाव खोल पाण्यात. ही अगदी भायल्या दर्यातली, जिथे तळ म्हणून काही नसतोच तिथली. माझ्या आज्याने बघितली असेल तर माहीत नाही, मी नाही बघितली.

कन्याकुमारीकडच्या तुत्तूरचे लोक जातात तिकडे. गळाने मोरी धरण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. कोचीला त्यांच्या बोटी लागतात, महिना-महिना बाहेर असतात. त्यांना विचारायला हवं.

कोलंबीप्रेमी, तिरफळ नको? आमच्या आवशीसमोर बोलून दाखवा.

सुरंगी

इंजिनरूम, वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची गरजच नाही. हा ओशनिक व्हाइटटिप. शास्त्रीय नाव कार्कारायनस लाँगिमॅनस. लाँगिमॅनस म्हणजे लांब हातांचा, तुमचे ते विमानाचे पंख. मी सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता बँकेत आहे (हसू नका), पण शार्क हा जुना नाद सुटलेला नाही.

एक आधी सांगते. फिरतीच्या व्हिडिओंत प्रवाळाच्या खडकाखाली झोपलेला व्हाइटटिप दिसतो तो वेगळा. तो रीफ व्हाइटटिप, सडपातळ, किनाऱ्याजवळचा. याचा त्याच्याशी टोकांच्या रंगापुरताच संबंध. याला थांबताच येत नाही. पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं, म्हणजे श्वास चालू.

याचं घर म्हणजे उष्ण कटिबंधातला खुला समुद्र. पाणी २० अंशांच्या वर हवं, आणि बहुतेक वेळ वरच्या दीडशे-दोनशे मीटरांत. मधूनच हजार मीटरच्या खालीही बुडी मारतो. बहामाजमधल्या कॅट आयलंडपाशी २०११ च्या मे महिन्यात ११ शार्कना उपग्रह टॅग लावले होते. महिनाभर ते साधारण त्याच भागात राहिले, मग पांगले. काही तर दोन हजार किलोमीटरच्या आसपास गेले आणि पाचेक महिन्यांनी पुन्हा त्याच पाण्यात परतले. आपल्या हिंदी महासागरातलं उदाहरण तर तुमच्या जहाजमार्गावरचंच आहे. मोझांबिकच्या सामुद्रधुनीत टॅग लावलेला एक शार्क आफ्रिकेच्या कडेने सोमालियापर्यंत वर गेला आणि वळून सेशेल्सकडे उतरला. शंभर दिवसांत अंदाजे ६५०० किलोमीटर.

आता त्या बादलीबद्दल. खुला समुद्र म्हणजे खाण्याच्या दृष्टीने वाळवंट. टूना, स्क्विड, उडते मासे, मेलेला देवमासा, जे मिळेल ते, आणि दोन जेवणांमध्ये किती दिवस जातील याचा नेम नाही. अशा ठिकाणी 'हे आपल्या कामाचं नसेल' म्हणून पुढे निघून जाणं परवडत नाही. म्हणून दिसेल ती वस्तू जवळ जाऊन, ढोसून, पुन्हा येऊन तपासायची. बादली असो, जहाज असो, पोहणारा माणूस असो. तुमच्या म्हातारीची उपमा मला फार आवडली.

पट्टेरी मासे म्हणजे पायलट फिश. वाट दाखवतात असं नाविकांना वाटे, प्रत्यक्षात उष्टं खायला सोबत असतात.

आणि कोलंबीप्रेमी, बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात ती किनाऱ्यालगतची लहान, दोन फुटांच्या आतली. मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठलेला असतो. ते बाळंतिणीला तर नकोच, तुम्हालाही नको.

अर्धवटराव

'ओशनिक व्हाइटटिप' म्हणताना माझी जीभ अडखळली. मराठी नाव सुचवतो: धवलाग्र महामोरी. किंवा 'चुनाबोट्या'. पान खाणाऱ्याच्या बोटाला चुना लागतो तसा. समिती नेमा.

अवांतर: पाण्यात पडलेल्या माणसांना खाणारा तो हाच ना? इंडियानापोलिसवाला?

सुरंगी

चुनाबोट्या मंजूर! समिती बरखास्त.

हो, नाव याचंच घेतात. ३० जुलै १९४५ ला अमेरिकेची युद्धनौका इंडियानापोलिस फिलिपिन्स समुद्रात जपानी पाणबुडीने बुडवली. तिनियन बेटावर अणुबाँबचे भाग पोचवून ती पुढे फिलिपिन्सकडे निघाली होती. जहाजावर ११९५ माणसं होती, वाचली ३१६. चार दिवस कुणाला पत्ताच नव्हता. शार्कनी माणसं नेली हे खरं, पण किती ते कुणी सांगू शकत नाही. बरेचसे जखमांनी, तहानेने, ऊन लागून आणि शेवटी खारं पाणी पिऊन गेले. फ्रेंच समुद्र-संशोधक क्युस्तोने या शार्कला सगळ्यांत धोकादायक ठरवलं होतं. बुडालेल्या जहाजाजवळच्या माणसासाठी ते खरंही आहे, कारण तिथे वेळेवर पोचणारा शार्क हाच. दादर चौपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला याच्यापासून भीती शून्य.

तांबडा_समुद्र

मी दुबईत असतो, डायव्हिंगसाठी इजिप्तला चार वेळा गेलोय. तिकडे डायव्हर लोक याला नुसतं 'लाँगिमॅनस' म्हणतात, आणि एल्फिन्स्टन रीफ किंवा ब्रदर्स बेटांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो दिसेल या आशेवरच बोटी भरतात. माझा अनुभव सांगतो.

एल्फिन्स्टनला डाइव्ह संपवून पाच मीटरवर थांबलो होतो. वर येण्याआधी तीन मिनिटं थांबायचा नियम असतो. खाली नुसता निळा रंग. त्या निळ्यात मला आधी तीन पांढरे ठिपके दिसले, अगदी धाग्यात लिहिलंय तसेच. शार्क नाही दिसला. ठिपके मोठे होत आले आणि मग एकदम, टीव्ही लागल्यासारखं, त्यांच्याभोवती अंग उमटलं. तोपर्यंत तो पाच-सहा मीटरवर.

गाइडने आधीच बजावलं होतं: हातपाय मारायचे नाहीत, पाठ दाखवायची नाही, नजर ठेवायची, आणि तो जिकडे जाईल तिकडे तोंड करून वळायचं. तो सरळ माझ्याकडे आला. इतर शार्क लांबून वळतात, हा वळत नाही. हात लांब केला असता तर नाकाला लागला असता. डोळा गोल, लहान, आणि माझ्यावरून न हलणारा. मग डावा पर खाली करून माझ्या पायातल्या फिनखालून गेला आणि परत आला. एकूण चार वेळा. हवेचा काटा बघितला, नेहमीच्या दुप्पट वेगाने खाली चालला होता.

भीती वाटली का? हो. हल्ला करतोय असं वाटलं का? नाही. एअरपोर्टवर बॅग उघडायला लावतात तसं काहीसं वाटलं.

इजिप्तमध्येच शार्म अल-शेखला २०१० च्या डिसेंबरच्या तोंडाशी जे झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. आठवड्याभरात पाच जणांवर हल्ले, त्यात एक जर्मन बाई गेल्या. दोन शार्क पकडून 'गुन्हेगार सापडला' म्हणून जाहीर केलं, किनारा पुन्हा उघडला, आणि त्यानंतरच तो जीवघेणा हल्ला झाला. पकडलेल्या व्हाइटटिपच्या परावरच्या खुणा हल्लेखोराच्या फोटोशी जुळत नव्हत्या असं डायव्हरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिथल्या राज्यपालांनी तर यामागे इस्रायलची गुप्तचर संस्था मोसाद असू शकेल इथपर्यंत मजल मारली! तज्ज्ञांनी दोन कारणांकडे बोट दाखवलं: शार्कना हाताने मासे भरवणारे लोक, आणि बकरी ईदच्या सुमाराला जहाजांवरून समुद्रात टाकलेल्या मेलेल्या मेंढ्या. माणूस दिसला की खाणं मिळतं हे एकदा शिकल्यावर त्याने हातच का सोडावा?

निवृत्त_मास्तर

३४ वर्षं समुद्रावर, त्यातली शेवटची १७ कॅप्टन म्हणून. आता पुण्यात. इंजिनरूम, तुझ्या कॅप्टनसाहेबांना माझा नमस्कार सांग.

आधी एक सरकारी काम. वरच्या प्रतिसादात मेंढ्यांचा विषय निघालाय म्हणून सांगतो, ड्रिफ्टिंगवर असताना कुकला उरलेलं अन्न टाकू देऊ नका. मार्पोलच्या (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पाचव्या परिशिष्टात अन्न टाकायला जहाज मार्गस्थ लागतं, नुसतं १२ मैलांबाहेर असून भागत नाही. पोर्ट स्टेटचा माणूस (बंदरात जहाज तपासणारा अधिकारी) गार्बेज रेकॉर्ड बुकातली वेळ आणि लॉगबुकातली वेळ शेजारी ठेवून बघतो. मी एकदा अडकलोय.

आता खरं सांगायचं ते. ८८ ची गोष्ट कॅप्टनने सांगितली, मी ७४ ची सांगतो. जहाज थांबलं की शार्क यायचे, आणि शार्क आले की आम्ही गळ टाकायचो. अर्ध्या इंची सळीचा गळ फिटर बनवून द्यायचा, टोक घासून, वर हातभर साखळी. आमिष म्हणून मटणाचा वास आलेला तुकडा. पाच मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. बाकीचे मासे आमिषाला फेऱ्या मारतात, हुंगतात, निघून जातात. हा आला की गिळायचा. एकाला वर ओढला तरी बाकीचे पळत नसत, उलट जवळ येत. विंचला दोर लावून डेकवर घ्यायचा, मग जे व्हायचं ते व्हायचं. खायचो नाही फारसं, वास मारतो. जबडा काढून, मधे काठी ताणून उन्हात ठेवायचा. मणके सळीत ओवून काठी करायची पद्धत होती.

तशी एक काठी माझ्याकडे अजून आहे, छत्रीच्या स्टँडमध्ये. नातू तिला तलवार म्हणतो. मणके हस्तिदंतासारखे पिवळट पडलेत, दोन मोजले तर प्रत्येकी रुपयाच्या नाण्याएवढे. एकेका सफरीत आम्ही तीन-तीन, चार-चार मारले असतील. वेळ घालवायला, दुसरं काही कारण नव्हतं.

तेव्हा वाटायचं समुद्रात हे कावळ्यासारखे आहेत.

गणिती

मास्तर, प्रतिसाद आवडला. पण एक शंका मांडतो, राग नसावा. 'पूर्वी खूप होते, आता नाहीत' हे प्रत्येक पिढी आंब्यापासून पावसापर्यंत सगळ्याबद्दल म्हणते. आठवण म्हणजे विदा (डेटा) नव्हे. पूर्वी जहाजं हळू जायची, दिवसेंदिवस थांबायची, कचरा सर्रास पाण्यात पडायचा. आता जहाजं मोठी, मागचा डेक पाण्यापासून उंच, कचऱ्यावर बंधन, आणि पोरं फावल्या वेळात केबिनमध्ये मोबाइलवर. शार्क तेवढेच असतील, बघणारे कमी झाले असतील. कुणाकडे आकडे आहेत?

सुरंगी

गणिती, शंका एकदम रास्त. शास्त्रज्ञांतसुद्धा नेमकं यावरच भांडण झालंय.

२००४ मध्ये एक शोधनिबंध आला: मेक्सिकोच्या आखातात १९५० च्या दशकातली लाँगलाइनची (म्हणजे हजारो गळ लावलेल्या लांबलचक दोराची) पकड आणि १९९० च्या दशकाच्या शेवटची पकड यांची तुलना, आणि निष्कर्ष असा की हा शार्क ९९ टक्क्यांहून जास्त घटला. दुसऱ्याच वर्षी इतर तज्ज्ञांनी तो खोडायला घेतला. म्हणाले, ५० च्या दशकात गळाला पोलादी तार होती, नंतर नायलॉन आलं. शार्क नायलॉन दातांनी तोडून जातो, मग तो मोजलाच जात नाही. शिवाय नंतरचे गळ जास्त खोल टाकलेले, आणि हा राहतो वर. म्हणजे तुमच्या 'बघणारे बदलले' या मुद्द्याचीच गळवाली आवृत्ती.

मला तो आक्षेप पटतो. ९९ हा आकडा मी छातीठोक सांगणार नाही.

पण घट झालीच नाही, असं म्हणायला जागा उरत नाही, कारण दुसऱ्या समुद्रांतून, दुसऱ्या पद्धतीने तेच येतंय. पश्चिम-मध्य पॅसिफिकमध्ये बोटींवर निरीक्षक असतात, कोणता गळ, किती खोल, काय लागलं सगळं लिहितात. गळांतला फरक वजा करून २०१९ मध्ये जे मूल्यमापन झालं त्यात मासेमारीपूर्वी असता त्याच्या जेमतेम ४ टक्के साठा उरलाय असं निघालं. त्याच वर्षी आययूसीएनने (धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी करणारी जागतिक संस्था) याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. त्यापुढचा टप्पा म्हणजे फक्त बंदिवासात उरणं, आणि हा मत्स्यालयात नीट जगतही नाही. १९६९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ लिहीत होते की शंभर पौंडांवरच्या प्राण्यांत पृथ्वीवर सर्वांत जास्त संख्येने बहुधा हाच असेल. मास्तरांचे कावळे!

कारण एकच, टूना. टूनासाठीची लाँगलाइन ५०-१०० किलोमीटर लांब असते, तिला दोन-तीन हजार गळ. तरंगत्या बोयांच्या लगतचे गळ सगळ्यांत उथळ, आणि हा नेमका त्याच थरात. वर याची मादी एक वर्षाआड विते, सरासरी पाच-सहा पिल्लं. पैसा मांसात नाही, परांत आहे. इतके मोठे, गोल आणि शिंतोडेदार की हाँगकाँगच्या व्यापाऱ्याला डोळे मिटून ओळखता येतात. तिथे त्यांना वेगळं नावच आहे.

आणि मास्तर जे लिहून गेले ते मी कुठल्या पुस्तकात इतकं स्वच्छ वाचलं नाही: हा हुंगत बसत नाही, गिळतो. बादली तपासायची, डायव्हर तपासायचा, तसाच गळही तपासायचा. ज्या स्वभावावर तो त्या वाळवंटात लाखो वर्षं जगला, तोच आता त्याच्या अंगाशी आला.

गणिती

गळाच्या तारेचा मुद्दा माहीत नव्हता. शंका मागे घेत नाही, आकार लहान करतो. :)

कोलंबीप्रेमी

मग बंदी का नाही घालत? (मटणाचं मी मागे घेतलं. तिरफळाचं नाही.)

सुरंगी

आहे की. टूनाच्या मासेमारीचं नियमन करणाऱ्या चार मोठ्या प्रादेशिक संघटनांनी २०१० ते २०१३ दरम्यान हा शार्क बोटीवर ठेवायला मनाई केली. आपल्या हिंदी महासागरात २०१३ पासून. त्या ठरावात लहान मासेमारांना आपापल्या देशाच्या हद्दीत, स्थानिक खाण्यापुरती सूट ठेवली. व्यापारावर साइट्सची (धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराची) बंधनं आली तीही २०१३ च्या ठरावाने. आणि हे ऐका, स्थलांतर करणाऱ्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या गांधीनगरला झाली, तिथे याला पहिल्या परिशिष्टात घेतलं, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. त्याच यादीत त्याच दिवसांत आपला माळढोक आणि हत्ती. बातम्या माळढोकाच्याच आल्या, ते साहजिकच म्हणा, शुभंकरही तोच होता.

पण 'बोटीवर ठेवू नका' म्हणजे 'गळाला लागू नका' असं शार्कला सांगता येत नाही. लागल्यावर जिवंत सोडला तर बरेच जगतात, पण तोंडात गळ आणि मागे वीस मीटर दोर लोंबकळत सोडला तर नाही. म्हणून आता खरं काम बारीकसारीक गोष्टींत आहे. पोलादी तारेऐवजी नायलॉन वापरायचं, म्हणजे तो स्वतःच तोडून जाईल. हवाईच्या बोटींनी हे केलंय. बोयाजवळचे उथळ गळ लावायचेच नाहीत. दोर शक्य तितका तोंडाजवळ कापायचा.

नाखवा

दोर तोंडाजवळ कापायचा म्हणणारा माणूस कधी बोटीच्या कडेला जिवंत मोरीपाशी वाकलाय का? सुरंगीताई, तुमच्यावर राग नाही. पण रात्री दोन वाजता, बोट हलत असताना, अडीच हजार गळ ओढायचे बाकी असताना खलाशी जिथे हात पोचेल तिथेच कापणार. लांब दांड्याचा कोयता दिला तर करेल. बरेच कायदे दांडा न देता येतात.

सुरंगी

नाखवा, मान्य. दांडा द्यायलाच हवा.

अर्धवटराव

मला एक कळलं नाही. ती टोकं पांढरी कशाला? लपायचं असेल तर पांढरं कशाला मिरवायचं?

सुरंगी

याचं उत्तर धाग्याच्या सुरुवातीलाच ओएस पोराने दिलंय: "सर, छोटे मासे." मायरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हाच तर्क मांडला होता. अंधुक प्रकाशात तपकिरी अंग पाण्यात विरून जातं, उरतात फक्त हलणारे पांढरे ठिपके. टूनासारख्या वेगवान माशाला ते लांबून लहान मासळीसारखे दिसतात, तो खायला धावतो आणि खायला मिळतो! शार्कला त्याचा पाठलाग करावाच लागत नाही. सिद्ध झालेलं नाही, पण सिद्ध व्हावं असं मला फार वाटतं. पिल्लांच्या परांची टोकं काळी असतात, मोठी होताना पांढरी होतात.

अवांतर: २०१९ मध्ये हवाईतल्या कोनापाशी एका व्हाइटटिपच्या अंगावर गोल-गोल वळ दिसले, गोल्फच्या चेंडूएवढे. स्क्विडच्या हातांवरच्या चोषकांचे. म्हणजे खाली अंधारात त्याची कुठल्या तरी भल्यामोठ्या स्क्विडशी झोंबाझोंबी झाली होती. कोण कुणाला खायला गेलं होतं देव जाणे.

तांबडा_समुद्र

बापरे. त्या ठिपक्यांना मीही फसलो होतो, म्हणजे टूनात आणि माझ्यात फरक नाही. वाचनखूण साठवली.

इंजिनरूम_मधला

सगळ्यांचे आभार. वॉचमुळे उशीर झाला. मास्तरसाहेब, नमस्कार पोचवला. कॅप्टनने सगळा धागा वाचला, काठीवाला प्रतिसाद दोनदा. मग म्हणाले, आमच्या जहाजावर जबडा मेसरूमच्या दारावर होता, त्यात बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सिगारेट ठेवायचा. एवढंच बोलून ब्रिजवर गेले.

कुकचं खरं सांगायचं तर त्याने त्या संध्याकाळी उरलेला भात आणि कोंबडीच्या माना घेऊन कठड्यापर्यंत आणल्या होत्या. चीफ ऑफिसरने परत पाठवलं. कारण मार्पोल, मोसाद नव्हे. :)

त्यानंतर ऑर्डर आली, माल भरला, उतरवला, आणि आता पुन्हा चार दिवस ड्रिफ्टिंगवर आहोत, श्रीलंकेच्या दक्षिणेला. संध्याकाळी पाच वाजले की मागच्या डेकवर आता सात-आठ जण जमतात. ओएस, बोसन, कुक, दोन्ही फिटर, कधी कॅप्टन. पहिल्या दिवशी डोराडो मासे दिसले, हिरवे-पिवळे, झगझगीत. काल एक कासव गेलं. मासेमारीच्या दोराचा एक मोठा गुंता वाहत आला, त्याखाली बारीक मासळी होती, ओएसने उडी मारायचीच बाकी ठेवली होती. ते खरोखरचे छोटे मासे निघाले.

बादली रोज सोडतो. पाणी काढायला नाही, उगाच. आज अजून काही नाही. साडेपाचला पर्जिंग आहे, खाली जातो.

निवृत्त_मास्तर

बादली लाल आहे का पिवळी? आमची पिवळी असायची.

इंजिनरूम_मधला

निळी आहे साहेब. उद्या पेंटलॉकरमधून पिवळा काढतो.